दोन अक्षरांची कमांड आणि तिच्यामागचे एक वाक्य

‘किलऑल’ नावाची एक कमांड आहे. लिनक्सवर ती लिहून पुढे एखाद्या प्रोग्रॅमचे नाव दिले, की त्या नावाने चालू असलेले सगळे प्रोग्रॅम बंद होतात. ब्राउझर अडकला तर त्याचे नाव द्यायचे. ब्राउझर तेवढा बंद होतो, बाकीचे काम चालू राहते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस या प्रणालीतही याच नावाची कमांड होती. तिथे मात्र ती आपल्या नावाला जागते आणि मशीनवर चालू असलेले झाडून सारे प्रोग्रॅम बंद करते. मशीन बंद करण्याआधीची शेवटची आवराआवर, एवढ्यासाठीच ती केलेली होती. लिनक्सवर हात बसलेल्या अ‍ॅडमिनने सोलारिसच्या सर्व्हरवर, सगळे अधिकार हाताशी असताना, सवयीने ही कमांड मारणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

चूक कोणत्याच कमांडची नाही. दोघींची माहिती आपापल्या ठिकाणी लिहून ठेवलेली आहे. लिनक्सच्या माहितीपानावर तर स्पष्ट इशारा आहे, की इतर प्रणालींवर, विशेषतः सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने, ही कमांड दिल्यास हवा तो परिणाम होईलच असे नाही. नाव बदलणे आता कोणाच्याच हातात नव्हते, म्हणून सावध करण्याचे काम एका वाक्याकडे आले. अशी कामे करणारी हजारो वाक्ये संगणकांत साठवलेली आहेत. ती ज्या पानांवर असतात, त्यांना मॅन्युअल पेज किंवा नुसते ‘मॅन पेज’ म्हणतात.

पानाची घडण

माऊस आणि चिन्हे यांच्या आधीपासून संगणकाशी बोलण्याची एक पद्धत चालत आली आहे: आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. सर्व्हर सांभाळणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, संशोधन करणारे लोक आजही दिवसाचा बराच वेळ टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीत घालवतात. तिथे ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचे नाव दिले, की त्या कमांडचे पान उघडते. इंटरनेट नसले तरी चालते.

पानाची घडण ठरलेली असते. सर्वांत वर नाव, त्याच ओळीत आडवी रेघ आणि रेघेपुढे कमांडचे काम चार-सहा शब्दांत. त्याखाली ‘सिनॉप्सिस’, म्हणजे कमांड लिहायची कशी त्याचा साचा. या साच्यात चौकोनी कंसात असेल ते दिले नाही तरी चालते, आणि तीन टिंबे असतील तर आधीची गोष्ट कितीही वेळा देता येते. त्यानंतर सविस्तर वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पाहा’ आणि ‘बग्ज’, म्हणजे माहीत असलेल्या त्रुटी.

पाने विभागांत वाटलेली असतात आणि प्रत्येक विभागाला क्रमांक असतो. १ म्हणजे रोजच्या कमांड, ५ म्हणजे फाइलींची रचना, ८ म्हणजे अ‍ॅडमिनची कामे. पासवर्ड बदलण्याची कमांड आणि खात्यांची यादी असलेली फाइल, दोघांचेही नाव ‘पासडब्ल्यूडी’ आहे. पहिलीचे पान १ मध्ये, दुसरीचे ५ मध्ये. विभाग न सांगता विचारले तर कमांडचे पान समोर येते, आणि फाइलची माहिती शोधणारा नवखा माणूस भलतेच वाचत बसतो.

टेलिटाइपच्या खटखटीतून

या पानांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तिथे युनिक्स ही प्रणाली उभारायला घेतली. तिच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. नाव, सिनॉप्सिस, वर्णन, फाइली, हेही पाहा, बग्ज हे मथळे तेव्हापासूनचे. त्या आवृत्तीत आणखी एक मथळा होता: ‘ओनर’, म्हणजे ही कमांड कोणाची. त्याखाली लिहिणाऱ्याचे लॉगिन नाव असायचे. थॉम्प्सन यांचे ‘केन’, रिची यांचे ‘डीएमआर’. शंका आली तर कोणाच्या टेबलापाशी जायचे, ते पानच सांगत होते.

कमांडची नावे इतकी तोकडी का, याचे उत्तर बरेचसे त्या काळच्या यंत्रात आहे. पडद्याऐवजी टेलिटाइप असे. त्या वेळचे सर्वपरिचित मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी, आणि त्याच्या कळा दाबायला जड होत्या. प्रत्येक अक्षर बोटांना जाणवत असे. म्हणून फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’, प्रत करणारी ‘सीपी’, हलवणारी ‘एमव्ही’ आणि पुसणारी ‘आरएम’. फोल्डर बदलण्याची कमांड पहिल्या आवृत्तीत ‘सीएचडीआयआर’ अशी पाच अक्षरांची होती. पुढे तीही जड वाटू लागली आणि ‘सीडी’ एवढीच उरली.

काही नावांना इतिहास आहे, तो कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. मजकुरातून हव्या त्या ओळी शोधून काढणारी ‘ग्रेप’ ही ‘ईडी’ या जुन्या एडिटरमधल्या आज्ञेवरून आली: ‘जी’ म्हणजे सगळीकडे, मधले ‘आरई’ म्हणजे शोधायचा नमुना, ‘पी’ म्हणजे छाप. ‘ऑक’ ही भाषा १९७७ मध्ये तयार झाली. तिचे नाव म्हणजे आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तीन निर्मात्यांच्या आडनावांची आद्याक्षरे. ती काय करते याचा त्या नावात मागमूस नाही.

फाइल निर्माण करणाऱ्या सिस्टिम कॉलचे, म्हणजे प्रोग्रॅमने प्रणालीकडे करायच्या मागणीचे, नाव ‘क्रिएट’. मूळ इंग्रजी शब्दातले शेवटचे ‘ई’ हे अक्षर त्यातून गाळलेले आहे. युनिक्स पुन्हा घडवायचे झाले तर काय बदलाल, असे थॉम्प्सन यांना एकदा विचारले गेले. त्या शब्दात ‘ई’ घालीन, असे त्यांचे उत्तर होते. विनोदाचा भाग सोडला तरी त्यात सत्य होते. ते अक्षर आजही गाळलेलेच आहे, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्या चुकीच्या स्पेलिंगवर उभे आहेत.

लिहिता न येणारी गोष्ट

नावे हट्टी निघाली, पण पानांवरच्या मजकुराकडे बेल लॅब्जमध्ये फार काटेकोरपणे पाहिले जाई. त्याचे श्रेय मुख्यतः विभागप्रमुख डग मॅक्इलरॉय यांना जाते. एका प्रोग्रॅममधून निघालेली माहिती थेट दुसऱ्यात सोडण्याची ‘पाइप’ ही कल्पना त्यांची. ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. मॅन्युअलचे संपादक म्हणूनही त्यांचा धाक होता. पान थोडक्यात हवे, अचूक हवे आणि त्यात जाहिरात नको.

‘बग्ज’ हा मथळा त्यातूनच महत्त्वाचा ठरला. स्वतःच्या प्रोग्रॅममधला दोष स्वतःच्या हाताने छापील पानावर लिहायचा, हे कोणाला आवडेल? मॅक्इलरॉय यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार मॅन्युअलची नवी आवृत्ती निघायची वेळ आली, की प्रयोगशाळेत एकदम धावपळ सुरू व्हायची. कुरूप गोष्टी कागदावर उतरल्या की त्या छापवत नसत. मग एखादी सोय काढून टाकली जाई, एखादी बदलली जाई, सरळ शब्दांत सांगता येईल अशी केली जाई. वर्णन सोपे करण्यासाठी वर्णन बदलण्याऐवजी प्रोग्रॅमच बदलला जात होता.

त्याच प्रयोगशाळेत लोरिंडा चेरी यांनी लेखन तपासणारी साधने तयार केली. ‘डिक्शन’ हा प्रोग्रॅम मजकुरातले पसरट, ढिसाळ शब्दप्रयोग दाखवून देई. ‘स्टाइल’ वाक्यांची लांबी आणि वाचनाची अवघडता मोजे. नीना मॅक्डोनल्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी त्यांतून ‘रायटर्स वर्कबेंच’ हा संच उभा केला. १९८० च्या आसपास, घरोघरी संगणक नसतानाच्या काळात, इंजिनिअरांचे लेखन सुधारण्यासाठी इतका खटाटोप झाला. ‘डिक्शन’ आणि ‘स्टाइल’ यांच्या नव्या आवृत्त्या आजही मोफत मिळतात.

नाव सोपे केले तर?

बाहेरच्या जगाला मात्र या दोन-तीन अक्षरी नावांचा राग येत होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ डोनल्ड नॉर्मन यांनी ‘डेटामेशन’ या मासिकात युनिक्सवर सणसणीत लेख लिहिला. प्रणाली म्हणून युनिक्सची रचना सुंदर आहे, पण सामान्य वापरकर्त्याच्या वाट्याला येणारा तिचा चेहरा भयानक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नावांत सुसंगती नाही, अर्थ कळत नाही, आणि चूक झाली तर प्रणाली गप्प बसते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. फाइल वाचून दाखवणाऱ्या कमांडला ‘कॅट’ का म्हणायचे? तर ती मुळात अनेक फाइली एकामागोमाग जोडण्यासाठी आहे, आणि जोडणे या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचा तो मधला तुकडा आहे. बहुतेक लोक मात्र तिचा उपयोग एकच फाइल पाहण्यासाठी करतात.

मग रोजच्या बोलण्यातले शब्द घेतले तर प्रश्न सुटेल? इथे संशोधनाने अनपेक्षित उत्तरे दिली. टॉमस लँडाउअर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये, संगणकाची ओळख नसलेल्या पण टायपिंग शिकणाऱ्या लोकांना एक एडिटर शिकवला. काहींना स्वाभाविक वाटणारे शब्द दिले, काहींना कामाशी सुतराम संबंध नसलेले. शिकण्याच्या वेगात म्हणावा असा फरक पडला नाही. शिकणाऱ्याचे डोके शब्दापेक्षा रचनेतच अधिक अडकत होते.

दुसरा अभ्यास १९८७ चा. जॉर्ज फर्नास, लँडाउअर, लुई गोमेझ आणि सुझन ड्युमे यांनी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांना वस्तूंना आणि क्रियांना नावे द्यायला सांगितली. त्यांत एडिटरच्या कमांड होत्या, तशा पाककृतीही होत्या. दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांच्याही खाली निघाली. याचा अर्थ ‘सर्वांना सुचेल असे नाव’ ही गोष्टच जवळपास अस्तित्वात नाही. एकाला ‘काढ’ सुचते, दुसऱ्याला ‘पूस’, तिसऱ्याला ‘हटव’. नाव कोणतेही ठेवा, बहुसंख्य लोकांना ते शिकावेच लागणार. तेव्हा नाव शोधून देणारी आणि त्याचा अर्थ सांगणारी ओळ नावाइतकीच मोलाची ठरते.

एका ओळीचे बळ

मॅन पेजच्या माथ्यावरची ती एक ओळ शोभेसाठी नसते. ‘अ‍ॅप्रपो’ ही कमांड नेमक्या याच ओळींमध्ये शोध घेते. काम माहीत आहे पण कमांडचे नाव आठवत नाही, अशा माणसाने कामाचा शब्द द्यायचा. तो शब्द ज्या ज्या ओळींत असेल, त्या कमांडची यादी समोर येते. ओळीत नेमका शब्द नसेल, तर तो माणूस त्या कमांडपर्यंत पोहोचतच नाही.

चांगली ओळ फसव्या नावालाही सावरून घेते. ‘किल’ हे नाव ऐकून ती कमांड प्रोग्रॅम ठार मारते असे वाटते. अनेक लिनक्स प्रणालींवरचे पान सांगते, की ती प्रोग्रॅमला संकेत पाठवते. न सांगितल्यास पाठवला जाणारा संकेत ‘आता संपव’ असा असतो, हे खरे. पण दुसरा संकेत पाठवला तर अनेक सर्व्हर प्रोग्रॅम मरत नाहीत, उलट आपली सेटिंगची फाइल पुन्हा वाचतात. एवढा फरक एका क्रियापदाने स्पष्ट होतो.

वाईट ओळ कशी असते? ‘फाइल हाताळण्याची सुविधा पुरवणारे बहुउपयोगी साधन’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘फाइलची प्रत करते’ म्हटले की कळते. पुढच्या वर्णनात ‘त्या नावाची फाइल आधीच असेल, तर न विचारता तिच्यावर लिहिते’ असे आले, तर कोणाचा तरी महिन्याचा हिशेब वाचतो. ‘सीपी’ साध्या वापरात खरोखरच न विचारता जुन्या फाइलीवर लिहिते, आणि ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. नीट लिहिलेल्या पानात कोण करते, काय करते आणि नाही केले तर काय होते, या तिन्ही गोष्टी असतात. ‘करावे’, ‘करता येते’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांत तिथे गल्लत चालत नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती ऑप्शनमध्ये, म्हणजे कमांडपुढे आडवी रेघ देऊन लिहायच्या एकेका अक्षरात. ‘एलएस’पुढे छोटा ‘आर’ दिला तर यादी उलट्या क्रमाने येते. ‘आरएम’पुढे तोच छोटा ‘आर’ दिला तर फोल्डर आतल्या सगळ्या मजकुरासकट पुसला जातो. ‘एफ’चा अर्थ ‘आरएम’साठी ‘विचारू नकोस’ असा आहे, ‘टेल’साठी ‘फाइल वाढत जाईल तसे दाखवत राहा’ असा, आणि ‘कट’साठी ‘रकाना’. ‘एसएसएच’ने दुसऱ्या मशीनवर जाताना पोर्ट क्रमांक सांगायला छोटा ‘पी’ लागतो. तिचीच सख्खी बहीण ‘एससीपी’ फाइली पाठवते, पण तिला मोठा ‘पी’ हवा. का, ते तिच्या पानावरच लिहिले आहे: छोटा ‘पी’ फाइलीची वेळ आणि परवानग्या तशाच राखण्यासाठी आधीच राखून ठेवलेला आहे. एवढे एक कारण दिले, की नियम पाठ करावा लागत नाही, लक्षात राहतो.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. पॉसिक्स या मानकाने कमांडचे नाव दोन ते नऊ अक्षरांचे आणि छोट्या लिपीतले असावे, असे सुचवले. जीएनयू प्रकल्पाने एका अक्षराच्या जोडीला पूर्ण शब्दांचे ऑप्शन आणले आणि माहिती व आवृत्ती विचारण्याचे शब्द सगळीकडे सारखे ठेवले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पॉवरशेल आणले तेव्हा तर शिस्तच लावली. प्रत्येक कमांड म्हणजे क्रियापद, जोडरेघ आणि नाम; आणि क्रियापदे मान्य यादीतलीच. फाइलींची यादी मागायला ‘गेट-चाइल्डआयटम’ लिहायचे. अर्थ लख्ख, पण बोटे दुखणारी. तेव्हा विंडोजवर त्याच कमांडला एक टोपणनावही देण्यात आले: ‘एलएस’.

‘किंवा’ने केलेली चुगली

शब्दांनी रचनेतला दोष उघडा पाडल्याचे सर्वांत ठळक अलीकडचे उदाहरण गिटमध्ये सापडते. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे हे साधन लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहायला घेतले, आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांचे काम त्यावर चालते. त्यात ‘चेकआउट’ ही कमांड आहे. तिच्या पानावरची ओळ सांगते, की ती शाखा बदलते किंवा कामातल्या फाइली पूर्वस्थितीत आणते.

सगळी गोम त्या ‘किंवा’मध्ये आहे. शाखा बदलणे हे या कामातून त्या कामात जाण्याइतके निर्धोक. फाइल पूर्वस्थितीत आणणे म्हणजे सकाळपासून तिच्यात केलेले, पण अजून नोंदवलेले नसलेले बदल पुसणे. दोन्हींसाठी शब्द एकच, फरक फक्त पुढे शाखेचे नाव आले की फाइलीचे, एवढाच. शिकाऊ आणि मुरलेले, दोघेही त्यात अडकले. ऑगस्ट २०१९ मध्ये गिटची २.२३ ही आवृत्ती आली आणि तिच्यात दोन नव्या कमांड आल्या: शाखा बदलायला ‘स्विच’, फाइल पूर्वस्थितीत आणायला ‘रिस्टोअर’. जुन्या ओळीतल्या ‘किंवा’च्या अलीकडचे एक आणि पलीकडचे दुसरे. ‘चेकआउट’ मात्र काढून टाकता आली नाही. लाखो लोकांच्या बोटांत आणि स्क्रिप्टमध्ये ती रुजलेली आहे.

जे वाक्य ‘किंवा’ आणि ‘परंतु’ घातल्याशिवाय पुरे होत नाही, त्यामागची कमांड पुन्हा तपासावी, हा धडा मरे हिलच्या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी मिळाला होता. तो प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो.

उदाहरण कुठे आहे?

मॅन पेजवर सर्वांत जुना आणि रास्त आक्षेप म्हणजे तिथे उदाहरणे कमी असतात. पान सर्व शक्यता सांगते, पण नव्वद टक्के लोकांना हवी असलेली एक कमांड कुठे आहे, ते सांगत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिला उत्तर म्हणून २०१३ मध्ये ‘टीएलडीआर पेजेस’ हा उपक्रम सुरू झाला. प्रत्येक कमांडची जास्तीत जास्त आठ उदाहरणे, प्रत्येकावर एका ओळीचे स्पष्टीकरण, बस. जगभरचे स्वयंसेवक ती लिहितात. मूळ पानाची जागा ती घेऊ शकत नाहीत, पण मूळ पान उघडण्याचे धैर्य देतात. दुसऱ्या टोकाला युनिक्सच्या वंशातली ओपनबीएसडी ही प्रणाली घडवणारा प्रकल्प आहे. तिथे मॅन पेजमधली चूक प्रोग्रॅममधल्या चुकीसारखीच गंभीर मानली जाते आणि पाने उदाहरणांसकट सांभाळली जातात.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना कमांडची यादी पाठ करायला लावण्याऐवजी पान वाचायला शिकवले, तर त्यांचा पुढचा बराच वेळ वाचेल. आधी माथ्यावरची ओळ वाचावी, मग सिनॉप्सिस, मग हवा तेवढाच ऑप्शन, आणि पुसणारी किंवा बदलणारी कमांड असेल तर ‘बग्ज’ वाचल्याशिवाय एंटर दाबू नये. वाचताना चूक किंवा संदिग्ध वाक्य आढळले, तर ते कळवावे. लिनक्सची पाने सांभाळणारे लोक अशा दुरुस्त्या आनंदाने घेतात, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिले योगदान देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. त्यासाठी प्रोग्रॅमिंग उत्तम यायला हवे असे नाही, वाक्य सरळ लिहिता आले की पुरते.